मंजुरी घोडीचे जबाबदार मालक

घोडीच्या बारा मालकांपैकी कागदोपत्री जबाबदार मालक कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा अकरा जणांनी आपापल्या चहाच्या कपात डोकावून पाहिलं आणि नियमकाकांनी हात वर केला. पुढे जी काही शोभा झाली तिचं मूळ त्या वर केलेल्या हातात आहे. हात खाली राहिला असता तर काका आजही ताठ मानेनं जिना चढले असते. हल्ली ते खाली बघत चढतात आणि वरून कुणी उतरताना दिसलं की बुटाची नाडी बांधायला बसतात. पायांत चपला असल्या तरी बसतात. 

नियमकाका हे नाव त्यांना बिल्डिंगनं दिलेलं. ते विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होते. तपासायचे म्हणजे फेटाळायचे. छप्पर उडालेला माणूस समोर येऊन बसला की काका त्याच्यासाठी पंखा लावत, पाणी मागवत, आणि छप्पर वादळानं उडालं की नुसत्या वाऱ्यानं, असं मायेनं विचारत. बिचारा म्हणायचा, 'साहेब, वारा कसला सुटला होता म्हणून सांगू.' संपलं. वादळाचा विमा असायचा, वाऱ्याचा नसायचा. काका मनानं दुष्ट नव्हते. नियम म्हणजे नियम, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं ते जेवतानाही म्हणत.

खात्यातल्या बारा जणांनी मिळून शर्यतीची घोडी घ्यायची ही कल्पना नेमकी कुणाची, यावर आता एकमत होत नाही. घोडी जिंकली त्या दिवशी ती बाराही जणांची होती. घोडीचं नाव मात्र सर्वानुमते ठरलं. आपल्या खात्यातून एक तरी मंजुरी बाहेर पडू दे, असं कुणीसं म्हणालं आणि तांबूस रंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या त्या गरीब जनावराचं नाव मंजुरी पडलं.

काकांना मालकी चढली. दर सुट्टीला ते साडूचा तपकिरी कोट घालून तबेल्यात जात. साडूचा कोट साडूच्या मापाचा, त्यामुळे काकांचे हात बाह्यांत बोटांपर्यंत बुडत. पण मालकानं कोटात असावं असं त्यांनी कुठेशी पाहिलं होतं. तबेल्यात जाऊन ते बादलीत बोट घालून पाणी तपासत, खिडकी किती उघडी असावी ते घोडीची निगा राखणाऱ्या सईसाला सांगत आणि घोडीच्या मानेवर एकदा थापटून हात रुमालाला पुसत. सईस काकांच्याच वयाचा, जाड मिशांचा, सतत कुरकुरणारा माणूस. गवत ओलं आलं, नालवाला वेळेवर येत नाही, माशा फार झाल्या. बायकोला घेऊन तो तबेल्याला लागून असलेल्या एका खोलीत राहायचा. काकांच्या सूचना तो एका कानानं ऐके आणि 'बरं मालक' म्हणे. त्या 'मालक' शब्दासाठी काका बस बदलून तिथे जात. घरी त्यांना कुणी मालक म्हणत नसे. घर काकूंच्या वडिलांनी दिलेलं होतं.

त्याच सुमारास दुसऱ्या कुणाच्या तरी घोड्याला शर्यतीआधी उत्तेजक औषध टोचल्याचं उघडकीस आलं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि रेसक्लबनं सगळ्या मालकांची सभा बोलावली. मोठमोठ्या मालकांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये बाराव्या हिश्श्याचे मालक असलेले आमचे काका उठले आणि बोलायला लागले. बोलले मात्र झकास. मुक्या जनावराला औषध देऊन पळवणं म्हणजे काय, हे त्यांनी अशा काही तळमळीनं सांगितलं की मागच्या रांगेतला एक झोपलेला मालक जागा होऊन हो हो म्हणाला.

जुना नियम असा होता की शर्यतीनंतर घोड्याची लघवी तपासायची, आणि औषधाचा अंश एका ठरावीक मर्यादेच्या आत सापडला तर आधी तो आला कुठून याचा शोध घ्यायचा, शिक्षेचं मग बघायचं. मंजुरीचा ट्रेनर, एक हाडकुळा, कायम घसा खाकरणारा गृहस्थ, उठून म्हणाला, "हल्लीची मशीनं फार बारीक बघतात हो. कुणी हाताला मलम लावलं आणि त्याच हातानं बादली धरली तरी सापडतं. मर्यादा असू द्या."

"कण म्हणजे कण," काका म्हणाले. "मर्यादा ठेवली की पळवाट आली."

टाळ्या पडल्या. तिथल्या तिथे काकांनाच नवा नियम लिहायला बसवलं. दावे फेटाळण्यात हयात गेलेला माणूस; त्यांनी तो असा लिहिला की मुंगी आत शिरू नये. औषधाचा कणही सापडला तर घोड्याचं अन्नपाणी ज्याच्या ताब्यात, त्या सईसाचा परवाना कायमचा रद्द. तबेल्यातली खोली खाली करायची. शिवाय निकाल सगळ्या मालकांना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे जरब बसते.

मग कुणीतरी हळूच विचारलं, "पण मालकांचं काय?"

काकांनी पेनाचं टोपण काढलं, क्षणभर छताकडे पाहिलं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ घातली: मालक प्रत्यक्ष देखभाल करीत नसल्याने त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. मोठमोठ्या मालकांनी काकांची पाठ थोपटली. एकानं तर आपल्या गाडीतून घरी सोडलं. क्लबच्या अध्यक्षबाई, काठी टेकत चालणाऱ्या आणि चष्म्याच्या वरून बघणाऱ्या म्हाताऱ्या बाई, तेवढ्या म्हणाल्या, "असं म्हणता? बरं." काकांना त्यात कौतुक ऐकू आलं.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे, आणि काकांची बाजू म्हणून आधी हे नोंदवायला हवं की त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, कंबर दुखत होती, आणि वयपरत्वे लघवीला धीर राहिला नव्हता. कंबरेसाठी ते एक पांढरी गोळी घेत. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. घरात ती 'कंबरेची' म्हणूनच ओळखली जाई. लघवीच्या बाबतीत मात्र त्यांनी कुणाचा सल्ला घेतला नव्हता. कुठेही गेलं की आधी जागा हेरून ठेवायची, एवढाच त्यांचा बंदोबस्त होता.

शर्यतीच्या आदल्या सकाळी काका गोळी घेऊन, कोट घालून तबेल्यात पोचले. ट्रेनरनं चहा दिला. दुसऱ्या एका मालकानं, नव्या नियमाबद्दल अभिनंदन म्हणून, आणखी चहा दिला. मालकांसाठीचं स्वच्छतागृह होतं प्रेक्षकांच्या स्टँडमागे, म्हणजे अख्खं मैदान ओलांडून. काकांनी म्हटलं, घोडी बघून होऊ दे, मग जाऊ. ते मंजुरीच्या ठाणात शिरले आणि तेवढ्यात सईस आला. व्यायामाला न्यायच्या आधी घोडीनं मोकळं व्हावं म्हणून सईस लोक एक युक्ती करतात. घोडीजवळ उभं राहून हलक्या आवाजात लांब, एकसुरी शीळ घालायची. लहानपणापासून सवय लावलेलं जनावर ती ऐकलं की पाय फाकवून उभं राहतं.

सईसानं शीळ घातली. घोडीनं कान हलवले.

"आज नखरे करतेय," सईस म्हणाला आणि पुन्हा शीळ घातली. लांब, संथ, थेंबाथेंबानं ठिबकल्यासारखी.

घोडीवर परिणाम झाला नाही. काकांवर झाला. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर टेकवला, गुणाकार आठवून पाहिले, ओठ आवळले. बाहेरून ट्रेनरनं सईसाला हाक मारली. सईस गेला, पण बाहेर उभं राहून शेजारच्या घोडीसाठी त्यानं तीच शीळ चालू ठेवली. काकांनी मैदानाकडे पाहिलं. मैदान फार लांब होतं. त्यांच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' ही पाटी कुणी रंगवली असेल, तर त्यांनीच. ठाणाच्या कोपऱ्यात स्वच्छ, पिवळंधमक गवत पसरलेलं होतं.

एवढं पुरे. नंतर काकांनी बुटाच्या टोकानं वरचं गवत नीट सारखं केलं, इतकं नीट की तिथे काही घडल्याची खूण राहू नये. मंजुरी मान वळवून बघत होती. काकांनी तिच्याकडे बघणं टाळलं. अंथरलेलं गवत खायची तिला खोड होती, हे सईस अनेकदा कुरकुरला होता, पण सईसाच्या कुरकुरीकडे लक्ष देणं काकांनी केव्हाच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंजुरी जिंकली. मंजुरी जिंकेल असं मंजुरीलाही वाटलं नसावं. बारा दावेतपासनीस एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. काकांचा फोटो निघाला, त्यात एक कोट दिसतो आणि कोटाच्या बाहीतून आलेली चार बोटं लगाम धरून आहेत. काकूंनी तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला. शेजारचा केमिस्ट येऊन अभिनंदन करून गेला, वरच्या मजल्यावरचे वकील येऊन गेले. साडू आला, फोटो पाहिला आणि कोट परत कधी मिळेल असं विचारून गेला.

मग तपासणीचा अहवाल आला. मंजुरीच्या लघवीत एका औषधाचा अंश सापडला होता. अगदी बारीक अंश, जुन्या मर्यादेच्या कितीतरी आत. पण जुनी मर्यादा आता नव्हती. औषधाचं नाव इतकं लांबलचक की ट्रेनरनं ते तीनदा घसा खाकरून पूर्ण केलं. काकांचा संताप बघण्यासारखा होता. माझ्या घोडीला कुणी औषध दिलं, असं ते ऑफिसात, जिन्यात, भाजी घेताना विचारत सुटले. रागाच्या भरात त्यांनी ते नाव कागदावर उतरवून केमिस्टपुढे टाकलं.

केमिस्टनं चष्मा लावला. "काका, हे तुमचंच की."

"माझं काय?"

"तुमची कंबरेची गोळी. मीच देतो ना दर महिन्याला."

काका दुकानाच्या पायरीवर बसले. आपण घोडीला गोळी दिली नाही, याची त्यांना खात्री होती. घोडीला आपण काहीच दिलेलं नाही. आणि मग त्यांना शीळ आठवली. त्यांनी डोकं गुडघ्यांत असं घातलं की केमिस्टनं आपणहून पाणी दिलं आणि गोळी वाढवून घ्यायची का, असं विचारलं.

प्राथमिक चौकशी क्लबच्या छोट्या खोलीत झाली. अध्यक्षबाई, क्लबचा घोडेडॉक्टर, ट्रेनर, सईस आणि जबाबदार मालक म्हणून काका. डॉक्टर म्हणाला, "इतका कमी अंश म्हणजे कुणी मुद्दाम दिलेलं नाही. असं आम्ही पाहिलेलं आहे. तबेल्यातलं कुणी औषध घेत असतं, आळस करून गवतावरच लघवी करतं, घोडा ते गवत खातो."

सगळ्यांनी सईसाकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. सगळ्यांनी बघितलं आणि आपण नाही बघितलं तर ते दिसेल, असा विचार त्या क्षणी त्यांच्या मनात आला. त्या विचाराची त्यांना पुढे गोळीच्या, गवताच्या आणि शिळेच्या एकत्रित लाजेपेक्षा जास्त लाज वाटली.

"मी नाही," सईस म्हणाला. "मी कसली गोळी घेत नाही. आणि जिथे जनावर तोंड घालतं तिथे मी मुतेन? काहीतरी बोलायचं म्हणून बोलता का तुम्ही?" मग तो काकांकडे वळला. "मालक, तुम्ही तरी सांगा. तुम्ही येता की बघायला."

काका म्हणाले, "चौकशी चालू आहे." हे वाक्य ते ऑफिसात रोज म्हणत.

निकाल मोठ्या सभेत वाचायचं ठरलं. तोवर सईसानं खोली खाली करायच्या तयारीत राहावं, असं क्लबच्या ऑफिसनं कळवलं.

तोवरचे दिवस काकांनी सल्ले ऐकण्यात घालवले. त्यांनी वरच्या वकिलांना विचारलं, पण स्वतःचं म्हणून नाही, एका मित्राचं म्हणून. वकील म्हणाले, "तुमच्या मित्राला म्हणावं, तोंड उघडू नकोस. नियमात मालक येतच नाही. ज्यानं तो नियम लिहिला तो हुशार माणूस आहे." काकांनी मान डोलावली. साडू कोट न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की हे प्रतिस्पर्धी तबेल्याचं काम, तुम्ही तक्रार ठोका. अकरा मालकांनी ऑफिसात एकमुखानं ठरवलं की जबाबदार मालक कागदावर एकच आहे, तेव्हा आपण नंतर भेटू.

काकूंनी सल्ला दिला नाही. एकदा जेवताना त्यांनी फक्त विचारलं, "अहो, तुम्ही कुठे...?"

"काय कुठे?"

"नाही, त्या दिवशी तुम्ही चहा घेतलात ना तिकडे. दोनदा."

"मग?"

"मग काही नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. गाडी कुठे कुठे थांबवावी लागते ते मला माहीत आहे."

"भलतंसलतं बोलू नकोस," काका म्हणाले आणि ताटावरून उठले. काकूंशी ते असे सरळ खोटं कधी बोलले नव्हते. हात धुताना त्यांना आरशात स्वतःकडे बघवेना, म्हणून त्यांनी नळाकडे बघत बराच वेळ हात धुतले.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. काकांच्याच कलमाप्रमाणे एकूण एक मालकाला बोलावणं होतं. काकूही आल्या होत्या आणि मधल्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. सईस भिंतीला टेकून उभा होता. त्याला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी निकालाचा कागद उचलला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "वाचण्यापूर्वी कुणाला काही सांगायचंय?"

काका उठले. का उठले हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. गुडघे उठले, बाकीचे मागून आले, असं ते म्हणत.

"ते मी होतो," ते म्हणाले.

"कोण काय होतात?"

"गवतावर. मी. चहा झाला होता. मैदान लांब होतं. हा शीळ घालत होता, घोडीसाठी, आणि..."

मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि बघता बघता सगळ्या हॉलला लागण झाली. मोठमोठे मालक रुमालात तोंड खुपसून हसत होते. ज्यानं आपल्या गाडीतून घरी सोडलं होतं तो सगळ्यांत जास्त हसत होता. एकानं बारीक शीळ घालून दाखवली. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते काकांना कळलं. सईस हसत नव्हता. काकूही हसत नव्हत्या. त्या समोर बघत होत्या आणि कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी काठी आपटली. "सांगितलंत हे बरं झालं. पण उपयोग काय?"

"म्हणजे?"

"तुमचाच नियम वाचते. कण सापडला तर अन्नपाणी ज्याच्या ताब्यात त्याचा परवाना रद्द. कण कसा आला, कुणामुळे आला, याचा विचार करायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. आणि मालकावर कोणतीही जबाबदारी नाही. तुम्ही दहा वेळा कबूल केलंत तरी नाही. सईसाला जावं लागेल."

काका तसेच उभे राहिले. आजवर किती माणसं त्यांच्या टेबलासमोर अशी उभी राहिली होती, खरं सांगून झाल्यावर. त्या माणसांना आता पुढे काय बोलावं हे सुचत नसे आणि काका त्यांना पाणी देत. इथे पाणीही कुणी दिलं नाही.

"पण हे बरोबर नाही हो," ते म्हणाले. "यानं काही केलेलं नाही. मी केलंय."

"नियम म्हणजे नियम," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

"नियम वाईट आहे," काका म्हणाले. "मी लिहिला, मी सांगतो. मर्यादेच्या आत सापडलं तर आधी शोध घ्या, हे ट्रेनर म्हणत होते तेच बरोबर होतं. आणि शोध मालकापासून सुरू करा. घोडी जिंकली की लगाम धरून फोटो काढायला आपण पुढे. मग हे आपलं नाही कसं? ती खालची ओळ मी घातली, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि मला गाडीतून सोडावं म्हणून. ती काढा. सभा बसलेली आहे, हात वर करा आणि काढा."

हसू ओसरलं, कारण हात वर करणं हा गमतीचा विषय नव्हता. मालक एकमेकांकडे बघू लागले. मग मधल्या रांगेत एक हात वर गेला. तो काकूंचा होता. त्या मालक नव्हत्या, त्यांना मत नव्हतं, आणि अध्यक्षबाईंनी तसं सांगितलंही. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. ट्रेनरनं घसा खाकरला. ऑफिसातल्या अकरांपैकी सात जणांनी मान खाली घालून हात वर केले. मग इतरांचे हळूहळू गेले, काही खरोखर पटून, काही चहाची वेळ झाली म्हणून. जुनी मर्यादा परत आणायचा आणि खालची ओळ काढायचा ठराव काठावर पास झाला.

"आता शोध लागलेलाच आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सईसाचा परवाना राहील. बक्षीस परत. मालकाला पूर्ण मोसम तबेल्यात आणि मैदानात बंदी. आज निरोप घेण्यापुरतं काय ते फिरा. आणि कारणासह सूचना बाहेरच्या फलकावर. लिहा, तुम्हाला लिहिता येतं चांगलं."

काकांनी लिहिलं: 'जबाबदार मालकांकडून अनवधानाने घडलेल्या एका अनुचित प्रकारामुळे.'

"यातून काय कळलं?" अध्यक्षबाईंनी कागद परत केला.

काकांनी लिहिलं: 'मालकांच्या शारीरिक अडचणीमुळे गवताच्या शुद्धतेस बाध येऊन.'

"गवताला अडचण आली की तुम्हाला? स्पष्ट लिहा. घोड्यांच्या मागे राबणाऱ्यांपैकी कुणीही वाचलं तरी सईसाचा दोष नव्हता हे कळलं पाहिजे."

तेव्हा काकांनी कागद उलटा केला आणि लिहिलं: 'घोडीच्या गवतावर मालकाने लघवी केली. सईसाचा काही दोष नाही.' खाली सही केली. इतकं साधं वाक्य त्यांनी नोकरीत आजवर लिहिलं नव्हतं. शिपायानं ते फलकावर टाचलं, आणि सभा संपवून बाहेर पडणारा प्रत्येक जण तिथे थांबून गेला. काकूंनी वाचलं, पर्स काखेत मारली आणि म्हणाल्या, "मी बसस्टॉपवर थांबते. तुम्ही जाऊन या त्यांच्याकडे."

सईस पुढे निघून गेला होता. काकांनी त्याला तबेल्याच्या दारात गाठलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "त्या दिवशी छोट्या खोलीतच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," सईस म्हणाला. त्यानं काकांना पुढे काही बोलू दिलं नाही. "मला काय सांगताय, मालक. मी आपला इथे घोडीपाशी होतो. घरात भांडी कोण बांधत बसलं होतं? तिला सांगा." आणि तो गवताची पाटी उचलून आत गेला.

खोलीचं दार उघडंच होतं. सईसाची बायको उंबऱ्यात बसली होती, मागे गाठोडी आणि ट्रंका एकावर एक रचलेल्या. निकाल तिला कळला होता. काका चपला काढून उभे राहिले. सभा लांबली होती, हॉलमध्ये चहा झाला होता, आणि मैदान आजही तेवढंच लांब होतं; पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"बाई, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला," ते म्हणाले. "मला लाज वाटते."

तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक विचारू? त्या दिवशी मी घरातच होते. दार उघडंच असतं. त्या ठाणाच्या पलीकडेच हे दार. आत संडास आहे आमचा. स्वच्छ असतो, मी रोज धुते. वाजवलं का नाहीत दार?"

दार त्यांना दिसलं होतं. त्या सकाळी पाय आवळून उभे असताना त्यांनी मैदान पाहिलं होतं, गवत पाहिलं होतं आणि हे दारही पाहिलं होतं. मालकानं सईसाच्या घरी जाऊन संडास मागायचा, हे त्यांच्या मनाला पटलं नव्हतं, एवढंच. गवत पटलं होतं.

"मला वाटलं..." ते म्हणाले आणि थांबले. काय वाटलं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते तिला कळलंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि त्यांच्या उभं राहण्याकडे पाहिलं. एक पाय दुसऱ्यावर टेकला होता.

"जायचंय का आत्ता?" तिनं विचारलं.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हो म्हणाले.

ती उठून बाजूला झाली. "मग ती वरची ट्रंक उतरवा आधी. संडासाच्या दारातच रचलंय सगळं. खाटेखाली जाते ती. गाठोडी त्या फळीवर. भांड्यांचं गाठोडं हळू ठेवा, त्यात काचेचं आहे."

काका वाकले. कंबरेत कळ आली, ती त्यांनी गिळली. ट्रंक खाटेखाली सरकवली, गाठोडी एकेक करून फळीवर चढवली, आणि शेवटी भांडी दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून, तिनं बोट दाखवलं होतं तिथे ठेवली. दार मोकळं झालं.

"कडी जरा घट्ट आहे," ती म्हणाली. "जोरात ओढा."